चार दिवस ऊन पडलं म्हणून बर्फाचा उतार सुरक्षित होतो का?

पायवाट

हिवाळ्यात स्की किंवा स्नोशू बांधून आडरानातल्या डोंगरांत फिरणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "पडून चार दिवस झाले, आता बसला बर्फ." हिमवृष्टी थांबली की पहिला दिवस-दीड दिवस सगळे जपून असतात. मग लख्ख ऊन पडतं, वारा थांबतो आणि जो तो उंच उतारांकडे निघतो. माझं म्हणणं असं, की हे वाक्य अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी माणसं हिमस्खलनात जीव गमावतात.

खरा भाग आधी सांगते. वादळात पडलेल्या नव्या बर्फाचा स्वतःचा धोका बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतो. कण एकमेकांना धरतात, थर दबतो, खाली घसरण्याची ओढ कमी होते. पण त्या नव्या बर्फाखाली जुना कमकुवत थर गाडला गेला असेल तर तो आठवडेच्या आठवडे तसाच राहू शकतो, कधी अख्खा मोसम. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. उलट दिवस जातात तसे आपोआप सुटणारी हिमस्खलनं थांबतात, डोंगर शांत वाटायला लागतो, आणि उतार वाट बघत राहतो ती आपल्या वजनाची.

जीवघेण्या अपघातांत सुमारे ९० टक्के वेळा हिमस्खलन बळी पडलेल्या माणसानेच किंवा त्याच्याच गटातल्या कुणीतरी सुरू केलेलं असतं, हे या विषयात थोडंफार वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणजे डोंगर अंगावर येतो हे चित्र बहुतेक वेळा चुकीचं. आपणच त्याच्या अंगावर जातो.

तर प्रश्न असा: आभाळ निरभ्र, शेवटची हिमवृष्टी चार-पाच दिवसांपूर्वीची, समोर ३५ अंशांचा स्वच्छ पांढरा उतार. तुम्ही काय बघून ठरवता? माझं उत्तर मी मागाहून लिहीन. आधी तुमची ऐकायची आहेत.

अर्धवटराव

पहिला नंबर माझा!

मी आधी हिमस्खलनाच्या धोक्याचं रोजचं बुलेटिन बघतो. धोका ५ पैकी ३ असेल तर जातो, ४ असेल तर चहा पीत बसतो. सोपं आहे, उगाच पीएचडी कशाला?

गारठा

अर्धवटराव, तुमच्या ३ बद्दल नंतर बोलू, तो विषय मोठा आहे. 😀 आधी पायवाट यांनी काढलेल्या कमकुवत थराबद्दल, कारण तो बनतो कसा हे कळलं की निरभ्र दिवसांवर इतका विश्वास का ठेवू नये हे आपोआप कळतं.

जमिनीला टेकलेल्या बर्फाचं तापमान शून्य अंशाच्या आसपास असतं. वरच्या बाजूला हवा उणे पंधरा-वीस. मधला थर दीड-दोन मीटर जाड असेल तर हा फरक सावकाश वाटला जातो आणि कण गोलसर होत एकमेकांना धरतात. पण मोसमाच्या सुरुवातीला थर जेमतेम चाळीस-पन्नास सेंटीमीटरचा असतो. तेवढ्याशा जाडीत तोच फरक मावायचा म्हणजे दर १० सेंटीमीटरला १ अंशाहून जास्त बदल. मग खालच्या उबदार भागातून वाफ वर सरकते, वरच्या थंड कणांवर गोठते आणि कण कंगोरेदार, मोठे, सुटे होत जातात. मूठभर घेऊन दाबा, गोळा होत नाही. साखरेसारखा बोटांतून ओघळतो. जमिनीलगत बनलेल्या अशा थराला डेप्थ होर म्हणतात.

आता हे कधी घडतं? थंड, निरभ्र, कोरड्या दिवसांत. म्हणजे ज्या हवामानाला आपण 'झकास' म्हणतो तेच हवामान पातळ बर्फाला आतून पोखरत असतं. जानेवारीत त्यावर मोठी हिमवृष्टी झाली, वाऱ्याने ती दाबून घट्ट केली, की वर एकसंध स्लॅब, म्हणजे लादीसारखा घट्ट थर, आणि खाली सुटे दाणे अशी रचना तयार.

दुसरा नग सरफेस होर. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री बर्फाचा पृष्ठभाग हवेपेक्षाही थंड होतो आणि हवेतलं बाष्प थेट त्याच्यावर गोठतं. सकाळी तिरप्या उन्हात सगळा उतार चमचमतो, फोटो काढायला लोक थांबतात. उघडा असेपर्यंत तो निरुपद्रवी. पण वारा किंवा ऊन त्याला मोडायच्या आत त्यावर नवा बर्फ पडला तर काही मिलिमीटर जाडीचा तो थर तसाच उभा गाडला जातो. असा थर खणूनही पटकन दिसत नाही, एक पुसट राखाडी रेघ असते फक्त.

तिसरा, उन्हाने किंवा पावसाने वितळून पुन्हा गोठलेलं कवच. कवच स्वतः मजबूत असतं, पण त्याच्या लगेच वर किंवा खाली कंगोरेदार कण वाढतात.

या तिन्हींना काळ हे औषध लागू पडतंच असं नाही. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर तर फार हळू.

शंकेखोर

गारठा, उत्तम माहिती, वाचनखूण साठवली.

शंका: थर एवढा कमकुवत असेल तर वरचा बर्फ स्वतःच्या वजनानेच का कोसळत नाही? आणि नाही कोसळला, तर एका माणसाच्या ऐंशी किलोंनी काय असा फरक पडतो? उतारावर तर शेकडो टन बर्फ असतो.

गारठा

छान प्रश्न. वजन पूर्ण उतारावर पसरलेलं असतं आणि हळूहळू वाढलेलं असतं, त्याला थर कसाबसा पेलतो. माणसाचा भार एका छोट्या जागेवर आणि अचानक येतो. तिथले कण मोडतात, वरची स्लॅब किंचित खचते, ती खचली की शेजारच्या कणांवर भार येतो, तेही मोडतात. ही भेग थरातून वेगाने पळते. कधी क्षणभरात शंभर मीटर. म्हणून तुम्ही सपाटीवर उभे असताना वरचा उतार तुटू शकतो. थर सलग असला की झालं. अशा वेळी पायाखाली 'घुप्प' असा दबका आवाज येतो. तो ऐकला की वादविवाद संपला, समोरचा तीव्र उतार त्या दिवसापुरता बंद.

आणि भार खोलवर कमी पोचतो. दीड मीटर जाड स्लॅबखालच्या थरापर्यंत तुमचं वजन जाणवत नाही. पण तीच स्लॅब कडेला, खडकाजवळ, उंचवट्यावर पातळ असते. दहा जण मधून सुखरूप जातात, अकरावा कडेच्या पातळ जागी पाय ठेवतो आणि सगळाच्या सगळा उतार सुटतो. आधीच्या पाऊलखुणा बघून 'चालतंय' म्हणणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

उतारकरी

गारठा यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि म्हणूनच माझी पद्धत वेगळी आहे. मी बर्फाचा अंदाज बांधत बसत नाही. मी कोन मोजतो.

बर्फाच्या आत काय आहे ते मला दिसत नाही, उद्याही दिसणार नाही. उताराचा कोन मात्र मला मोजता येतो आणि तो कालच्या हिमवृष्टीने बदलत नाही. स्लॅब सुटतात त्या मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, सगळ्यात जास्त ३८च्या आसपास. त्याहून फार तीव्र असेल तर बर्फ साठायच्या आतच सटकत राहतो. ३०च्या खाली कोरडी स्लॅब सुटणं क्वचितच. दुर्दैव असं की स्की करायला जे उतार सगळ्यांना आवडतात ते नेमके ३२ ते ४० मधले.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. खालून उभा वाटणारा उतार ३३ निघतो आणि वरून निवांत वाटणारा ३८. कोन मोजायचं साधन कंपासमध्ये असतं, मोबाईलमध्येही असतं. नकाशावर हिशेब असा: १०० मीटर चढायला आडवं अंतर १७३ मीटर लागत असेल तर ३० अंश, १२०वर आलं की ४० अंश झाले. १:२५,००० च्या नकाशावर २० मीटरच्या समोच्च रेषा १.४ मिलिमीटरपेक्षा जवळ आल्या की तुम्ही तिशी ओलांडली. ॲपमधले रंगीत उताराचे नकाशे सोयीचे आहेत, पण ते जमिनीची सरासरी काढतात. वीस मीटरचा छोटा तीव्र टप्पा त्यांत विरून जातो, आणि माणूस गाडायला तेवढा टप्पा पुरतो.

आणि फक्त पायाखालचा कोन बघून चालत नाही. तुमच्या डोक्यावर काय लटकतंय तेही. १५ अंशांच्या घळीत चालणारा माणूस वरच्या ४० अंशांच्या उताराखालीच चालत असतो. खाली घळ, दरी, झाडी, कडा असेल तर लहानसं हिमस्खलनही जीवघेणं होतं: घळीत थोडासा बर्फ खोल साठतो, झाडांवर आपटून हाडं मोडतात.

तेव्हा माझं उत्तर: कमकुवत थर गाडलेला आहे अशी नुसती शंका असेल तरी ३०च्या खाली. ऊन कितीही पडलेलं असो.

अर्धवटराव

मग स्की कशाला, घसरगुंडीच खेळायची की बागेत. तिशीच्या खाली कसली मजा राव.

उतारकरी

२७-२८ अंशांवर मऊ ताज्या बर्फात एकदा उतरून बघा, मग बोलू.

सूर्यकमळ

मी यात अगदी नवीन आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. खड्डा खणून बर्फ तपासतात असं ऐकलं. ते केलं तर कळत नाही का, उतार सुरक्षित आहे की नाही?

गारठा

सूर्यकमळ, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. खड्डा जरूर खणावा. भिंत सरळ कापायची, बोटांनी थरांचा कडकपणा चाचपायचा: एका थरात अख्खी मूठ शिरते, दुसऱ्यात चार बोटं, मग एक बोट, पेन्सिल, शेवटी फक्त सुरी. कडक थराखाली मूठ शिरणारा थर सापडला की कान टवकारा. मग ९० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल असा ठोकळा सुटा करून एका टोकाला फावडं ठेवायचं आणि त्यावर थापा मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. भेग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरसर गेली तर निकाल वाईट.

पण निकाल चांगला आला तर काय? तर काही नाही. त्या जागी, त्या क्षणी भेग पसरली नाही एवढंच. वीस मीटरवर थराची जाडी वेगळी असेल. खड्डा 'जाऊ नका' सांगायला उपयोगी, 'जा' सांगायला नाही. अनेक जण उलटं वापरतात: आधीच जायचं ठरवलेलं असतं आणि खड्ड्याकडून नुसती सही हवी असते.

त्यापेक्षा फुकट मिळणाऱ्या खुणा बघ. आजूबाजूच्या तशाच उतारांवर ताजी हिमस्खलनं दिसताहेत का, पायापासून भेगा धावताहेत का, तो 'घुप्प' आवाज. या तिन्हींपैकी एक जरी असेल तर खड्डा खणायचीही गरज नाही.

पायवाट

गारठा, एक भर. वारा. लोक हिमवृष्टीकडे बघतात, वाऱ्याकडे बघत नाहीत. ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या पुढे वारा गेला की सुटा बर्फ उचलला जातो आणि कड्याच्या आडोशाच्या बाजूला जाऊन बसतो. आभाळातून पडतो त्याच्या कित्येक पट वेगाने तिथे साठतो. म्हणजे आभाळ निरभ्र आहे, हिमवृष्टी शून्य, आणि तरी एका रात्रीत आडोशाच्या उतारावर अर्धा मीटर नवी स्लॅब. 'चार दिवस काही पडलं नाही' या वाक्याचा फुगा इथेही फुटतो.

शिखरांवरून पांढरे झोत उडताना दिसले, धारेवर एका बाजूला झुकलेली कॉर्निस, म्हणजे बर्फाचा बाहेर लोंबणारा छज्जा, दिसली, पृष्ठभाग निस्तेज, गुळगुळीत आणि पावलाखाली पोकळ लागला, की समजावं. आणि कॉर्निसच्या टोकावर जाऊन खाली डोकावू नका, ती अपेक्षेपेक्षा बरीच मागून तुटते.

चुकार तट्टू

उन्हाचं पण लिहा ना कुणीतरी. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी कडक गोठलेल्या बर्फावरून चढणं स्वर्ग असतं, दुपारी तोच उतार गुडघाभर रबडी.

गारठा

तट्टूसाहेब, तुम्हीच लिहिलंत की. ओल्या बर्फाचं गणित जास्त प्रामाणिक आहे, घड्याळ लावून चालतं. रात्री आभाळ मोकळं असेल तर पृष्ठभाग गोठतो; ढगाळ रात्र असेल तर हवा थंड वाटली तरी नीट गोठत नाही. सकाळी पूर्वेचे उतार आधी मऊ होतात, मग दक्षिणेचे, मग पश्चिमेचे. बूट घोट्याच्या वर बुडायला लागला किंवा उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, की उशीर झाला आहे. मोसमातला पहिला मोठा उबारा आणि पावसाचा पहिला दिवस यांना विशेष मान द्यावा.

शंकेखोर

आता तो राहिलेला विषय. ५ पैकी ३ म्हणजे मधोमध, म्हणजे 'मध्यम' ना? अर्धवटरावांचं काय चुकलं?

उतारकरी

पाच पायऱ्यांची ही श्रेणी युरोपातल्या देशांनी १९९३ साली एकत्र ठरवली, पुढे उत्तर अमेरिकेनेही तसलीच घेतली. गोम अशी की पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. १ ते २ मध्ये जेवढा फरक, त्याच्या कितीतरी पट २ ते ३ मध्ये. मधला आकडा म्हणून मेंदू त्याला सरासरी समजतो. प्रत्यक्षात उत्तर अमेरिकेतल्या श्रेणीत ३ची व्याख्या अशी, की आपोआप हिमस्खलन होणं शक्य आणि माणसाच्या भाराने होणं *संभवनीय*. आल्प्समधले जवळपास निम्मे मृत्यू ३ असलेल्या दिवशीचे आहेत. ४ला बहुतेक जण घरी बसतात, ५ला रस्तेच बंद असतात. ३ला सगळे बाहेर असतात, अर्धवटराव धरून. 😉

आकड्यापेक्षा खालचा मजकूर वाचा: कुठल्या दिशेच्या उतारांवर, किती उंचीच्या वर, आणि कशामुळे. 'नवी वाऱ्याची स्लॅब' असेल तर ती डोळ्यांनी ओळखून टाळता येते. 'जुना कमकुवत थर' लिहिलं असेल तर ३ हा वेगळाच ३ आहे, कारण खुणा दिसणार नाहीत.

अर्धवटराव

बरं बरं. मान्य नाही, पण वाचलं.

खरं सांगू का, या सगळ्या गोष्टी बऱ्याच जणांना पाठ असतात. तरी जातात. ते का, हे कुणी सांगेल?

पायवाट

अर्धवटराव, तुम्ही नेहमी टिंगलीत शिरता आणि नेमक्या जागी बोट ठेवता.

इयन मॅककॅमन या अमेरिकन संशोधकाने १९७२ ते २००३ या काळातले तिथले ७१५ अपघात तपासले. बहुतेक ठिकाणी धोक्याच्या ढळढळीत खुणा हजर होत्या. प्रशिक्षण घेतलेले लोकही त्यात होतेच. माणसं फसली ती बर्फात नव्हे, सवयीच्या आडवाटांत: हा उतार आपल्या ओळखीचा आहे, एवढं चढून आलो, आता परतायचं?; ग्रुपमध्ये एक 'जाणता' आहे, तो बघेल; बाकीच्यांसमोर भित्रं दिसायचं नाही; दुसरा ग्रुप आपल्या आधी पोचेल.

यातला ओळखीचा उतार सगळ्यात वाईट, असं मला वाटतं. एखाद्या उतारावरून वीस वेळा सुखरूप आलात तर तुम्हाला वाटतं की आपल्याला तो कळला. तुम्ही वीस वेळा चुकीचं ठरवलंत आणि वीस वेळा तो तुटला नाही, हेही तितकंच शक्य असतं. हा असा विषय आहे जिथे चुकीच्या निर्णयाची शिक्षा बहुतेक वेळा मिळतच नाही, त्यामुळे अनुभवातून शिकायची सोय नाही. म्हणून मी 'जाणता' माणूस ही पदवीच वापरत नाही. गटातल्या सगळ्यात नवख्या माणसाला एकट्याने 'मागे फिरू' म्हणता आलं पाहिजे, कारण न देता. आणि हे निघायच्या आधी, खाली, मोठ्याने बोललेलं असलं पाहिजे. धारेवर वारा सुटलेला असताना लोकशाही चालत नाही.

सूर्यकमळ

आणि समजा सापडलोच, तर? सियाचीनमध्ये लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले होते, मग मदत येईपर्यंत वाट बघता येते ना?

गारठा

नाही. ती कहाणी सगळ्यांना आठवते कारण ती अपवादातला अपवाद आहे. फेब्रुवारी २०१६, सोनम चौकी, साडेएकोणीस हजार फुटांच्या वर. दहा जण गाडले गेले, ते एकटे जिवंत निघाले आणि दुर्दैवाने रुग्णालयात ११ तारखेला गेले. त्यांच्याभोवती हवेची पोकळी राहिली होती असं तेव्हा सांगितलं गेलं. उत्तराखंडातल्या माणा गावाजवळ फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांची छावणी गाडली गेली. तिथेही ५४ पैकी ४६ जण वाचले, त्यात लोखंडी कंटेनरच्या आडोशाचा मोठा वाटा होता. उघड्या उतारावर सापडलेल्या माणसाभोवती ना तंबू असतो ना कंटेनर.

स्वित्झर्लंडमधल्या नव्या विश्लेषणानुसार पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त वाचतात. अर्ध्या तासापर्यंत तोच आकडा ३१ टक्क्यांवर येतो. जुन्या आकडेवारीत पहिला टप्पा १८ मिनिटांचा धरायचे, आता तोही आखडला. मृत्यू मुख्यतः गुदमरून होतो, थंडीने नव्हे. थांबल्याबरोबर बर्फ इतका घट्ट होतो की बोट हलवता येत नाही. म्हणजे मदत पथक हेलिकॉप्टरने आलं तरी बहुधा उशिराच येणार. तुम्हाला वाचवणारे फक्त तुमच्या बरोबरचे.

उतारकरी

म्हणून प्रत्येकाकडे तीन वस्तू. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात टोचून शोधायची लांब काठी), फावडं. प्रत्येकाकडे, ग्रुपमध्ये एक नव्हे.

ट्रान्सीव्हर अंगावर, कपड्यांच्या आत, निघताना चालू करून सगळ्यांचे तपासून. सगळे ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी एकमेकांना सापडतात. मोबाईल, कॅमेरा, गरम होणारे हातमोजे यांच्यापासून प्रक्षेपण करताना किमान २० सेंटीमीटर, शोधताना ५० सेंटीमीटर लांब. प्रोब २४० सेंटीमीटर किंवा लांब. फावडं धातूचं, प्लॅस्टिकचं त्या घट्ट बर्फावर वाकतं.

शोधताना शेवटचे तीन मीटर पृष्ठभागाला चिकटून, सावकाश. ट्रान्सीव्हरवर अंतराचा सर्वांत कमी आकडा दिसेल तिथून २५-२५ सेंटीमीटरवर गोल फिरत प्रोब टोचायचा, उताराला काटकोनात. लागला की उपसायचा नाही, तसाच ठेवायचा. आणि खणायचं प्रोबच्या वर उभं राहून नाही! उताराच्या खालच्या बाजूला, खोलीच्या दीडपट अंतरावरून आडवं आत शिरायचं. मीटरभर खोल गाडलेल्या माणसाला काढायला टनभर तरी बर्फ हलवावा लागतो, म्हणून एक जण पुढे कापतो, बाकीचे मागे ढकलतात, आणि दर मिनिटाला पुढचा बदलायचा. चेहरा आधी, तोंड-नाक मोकळं, छातीवरचा भार काढा, मग बाकीचं.

हे वाचून येत नाही. मोसमाच्या आधी सपाटीवर पिशवीत ट्रान्सीव्हर पुरून सराव करा, घड्याळ लावून.

चुकार तट्टू

एअरबॅग राहिली, म्हणजे दांडी ओढली की फुगणारी पाठीवरची पिशवी. मोठी वस्तू घुसळणीत वर राहते हे तत्त्व. अपघातांच्या एका मोठ्या अभ्यासात, गंभीररीत्या सापडलेल्यांत, फुगलेल्या एअरबॅगमुळे मृत्यूचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ११ वर आलं. पण दर पाचात एकाची फुगलीच नाही, बहुतेकदा दांडी ओढायचीच राहून गेली म्हणून. आणि झाडावर आपटलात तर बॅग काय करणार.

अर्धवटराव

एअरबॅग घेतली म्हणून ३८ अंशांवर जाणारे मला ठाऊक आहेत. नावं सांगणार नाही, माझंच आडनाव निघायचं. 🙈

पायवाट, तुमचं उत्तर राहिलं. तो ३५ अंशांचा उतार, चार दिवसांचं ऊन. जाणार की नाही?

पायवाट

मोसमाची सुरुवात पातळ बर्फाने झाली होती का, त्यावर. झाली असेल आणि उतार सावलीचा असेल तर नाही, चार दिवस काय चार आठवड्यांनीही नाही. बर्फ सुरुवातीपासून जाड असेल, बुलेटिनमध्ये जुन्या थराचा उल्लेख नसेल, गेल्या दोन दिवसांत वारा नसेल, खाली घळ किंवा कडा नसेल, तर जाईन. एका वेळी एक जण, बाकीचे सुरक्षित जागी उभे राहून बघणारे.

सूर्यकमळ

सुरक्षित जागा म्हणजे किती लांब? उताराच्या पायथ्याशी थांबलं तर चालेल?

उतारकरी

पायथ्याशी मुळीच नाही, सगळा बर्फ तिथेच येऊन पडतो. बाजूच्या धारेवर थांबा, किंवा दाट जुन्या झाडीत. झाडांच्या वरच्या बाजूच्या फांद्या तुटलेल्या असतील तर तिथूनही हला, ती हिमस्खलनाची नेहमीची वाट आहे. खालीच थांबायचं असेल तर जिथून बर्फ सुटेल त्या टोकाकडे बघून कोन मोजा. २५ अंशांहून जास्त आला तर तुम्ही माऱ्यात आहात. १८च्या खाली आला तर बहुतेक हिमस्खलनं तिथवर पोचत नाहीत. फार मोठी पोचतात.

सूर्यकमळ

मोबाईलने मोजला तर चालेल ना कोन?

उतारकरी

चालेल. हात लांब करून. ट्रान्सीव्हर छातीवर आहे.